फिजीत क्लिनिकल पोस्टिंगला जाताना: बॅग शेवटी भरा

सुवाचं कलोनियल वॉर मेमोरियल असो, लौटोका असो की लाबासा, फिजीतल्या रुग्णालयात पोस्टिंगला, म्हणजे विद्यार्थी म्हणून वॉर्डात सराव करायला, जायची तयारी बॅगेपासून नाही, सुईपासून सुरू होते; आणि तीही निदान आठ महिने आधी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायच्या, आकडा 10 (mIU/ml) किंवा जास्त हवा. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीच्या) दोन डोसमध्ये किमान 28 दिवस हवेत. इथे बऱ्याच जणांची गोची होते: एमएमआर घेतल्यावर आठवडाभरात मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) केली, तर टीबीचा संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. दोन्ही एकाच दिवशी उरका, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्या. टायफॉइडची लस निघण्याआधी दोन आठवडे तरी घ्या. मलेरियाच्या गोळ्या फिजीत लागत नाहीत, त्या व्हानुआतू-सॉलोमनला जाणाऱ्यांसाठी. डेंग्यू मात्र आहे, आणि त्याचा डास दिवसा चावतो. तेव्हा 20 ते 30 टक्के डीटचं (डास दूर ठेवणाऱ्या रसायनाचं) मलम रात्रीपुरतं ठेवू नका.

आपली बरीच मुलं ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतून जातात. भारतीय पासपोर्ट असेल तर आधी पाहायचं ते हे, की परतायच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा स्टुडंट व्हिसा चालू आहे ना. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेशावर विसंबून वॉर्डात उभं राहू नका. आरोग्य मंत्रालय आणि इमिग्रेशनच्या परवानगीची प्रत विद्यापीठाकडून मागून घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम. विम्यात विमानाने दुसऱ्या देशी हलवण्याचा खर्च धरलाय का, ते वाचा.

त्याच पॉलिसीत रुग्णाला वापरलेली सुई चुकून स्वतःला टोचल्याचा प्रसंग बसतो का, तेही पाहा. फिजी सरकारने जानेवारी 2025 मध्ये एचआयव्हीचा उद्रेक जाहीर केला आहे. अशी सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, फार तर 72 तासांत. पहिला डोस कुठे मिळेल, रविवारी रात्री कोणाला फोन करायचा, हे निघण्याआधी कागदावर हवं. शोधाशोध तिथे पोचल्यावर नको.

हाताची तयारी वेगळीच. सलाईन पंपावर शिकलेल्यांना थेंब मोजायची सवय नसते. 1000 मिली आठ तासांत द्यायचं आहे, सेट (सलाईनची नळी) 20 थेंबांचा, म्हणजे एका मिलीला 20 थेंब पाडणारा आहे: 1000 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. सेट किती थेंबांचा ते पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय हिशेब करू नका. सेकंदकाटा असलेलं, छातीला लावायचं घड्याळ यासाठीच हवं.

संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुलं तिथे भेटतील. त्यांचं बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन साधारण दर चार आठवड्यांनी, खोल स्नायूत. भुकटीचं द्रावण दाट असतं. नीट हलवलं नाही किंवा सुई बारीक घेतली तर ती मध्येच तुंबते आणि पोराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. 21 गेजची सुई, सावकाश, एकसारखा दाब. शिरेत चुकूनही नाही, हृदय थांबू शकतं. मधुमेहाच्या पायाच्या जखमाही भरपूर दिसतील. 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टेकवायच्या नायलॉनच्या तंतूने) संवेदना तपासायचा सराव घरच्यांच्या पायांवर करून ठेवा.

नावं वाचायला शिका, कारण औषध देताना नाव चुकलं की सगळंच चुकतं. इताउकेई, म्हणजे फिजीच्या मूळ रहिवाशांच्या, भाषेच्या रोमन लिखाणात बी म्हणजे ‘म्ब’, डी म्हणजे ‘न्द’, जी म्हणजे ‘ङ’, सी ‘द’च्या जवळचा. म्हणून विमानतळाचं गाव ‘नाडी’ नव्हे, ‘नांदी’. गिरमिटियांच्या (करारावर तिथे नेलेल्या भारतीय मजुरांच्या) वंशजांची फिजी हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची आहे. आपली टीव्हीवरची हिंदी त्यांना कळते, त्यांचं उत्तर आपल्याला अर्धंच कळतं. समजलं असं धरून चालू नका, पुन्हा विचारा. गुंगीचं औषध देण्याआधी पेशंट यांगोना, म्हणजे कावा हे मुळांचं सुस्ती आणणारं पेय, किती पितो हेही विचारलं गेलंय का ते पाहा.

आता बॅग. युनिफॉर्मचे तीन जोड (दमट हवेत कपडे वाळत नाहीत), बंद चामडी बूट, मास्क, गॉगल, तिरक्या पात्यांचा ऑस्ट्रेलियन प्लग. ग्लोव्हज किती न्यायचे ते वॉर्डाला विचारून ठरवा. मुदत संपत आलेलं सामान ‘देणगी’ म्हणून नेऊ नका, त्याची विल्हेवाट त्यांच्याच गळ्यात पडते. गावभेटीसाठी गुडघे झाकणारा सुलू (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) तिथेच घ्या, आणि गावप्रमुखासाठी यांगोनाच्या मुळांची जुडीही बाजारातच. गावात टोपी घालायची नाही, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही.

आईने दिलेले तुपातले लाडू प्रवेशाच्या फॉर्मवर लिहा. जप्त झाले तर झाले, दंड नको. परतताना बुटांच्या तळाची माती ब्रशने काढून ते वाळवून बॅगेत वर ठेवा, ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर ते बघायला मागतात.