वय बघून टप्पा ठरवू नका: फिल्डवर्कमध्ये या चुका टाळा

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाच्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फिल्डवर्कच्या लेखी नोंदींमध्ये, एक वाक्य हमखास सापडतं: ‘सेवार्थीचं वय १६ असल्याने ती ओळख विरुद्ध भूमिका-संभ्रम या टप्प्यात आहे.’ ही सेवार्थी, म्हणजे जिला मदत करायची ती मुलगी, दिवसभर काय करते, कुणाशी मोकळं बोलते, याचा पत्ता नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने जन्मापासून म्हातारपणापर्यंत मांडलेले विकासाचे आठ टप्पे परीक्षेसाठी पाठ करा, हरकत नाही. पण गृहभेटीला जाताना टप्पा आधीच ठरवून गेलात, तर तुम्ही तेवढंच बघून परत येता.

कागदावरचं वय खरं धरणं

गावात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी कशी, असा प्रश्न पडला नसेल तर पडू द्या. जन्मतारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे आजोबांच्या आधार कार्डावरचं वय दोन-चार वर्षांनी सहज मागेपुढे असतं. अशा वेळी घटना धरून विचारा. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कामावर जात होतात का?’ लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (१९९३) आणि पाटण-चिपळूणकडे कोयनेचा (१९६७) उपयोगी पडतो. रेकॉर्डिंगमध्ये कागदोपत्री वय आणि अंदाजे वय, दोन्ही लिहा. अंदाज कशावरून बांधला तेही लिहा. प्रकरण बालकल्याण समितीपुढे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) गेलं, तर मात्र कागदाला महत्त्व येतं. तिथे आपला अंदाज पुढे करू नका.

‘दहा महिने झाले, अजून उभं राहत नाही’

एवढ्यावरून ‘विकास विलंब’ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनानुसार निरोगी मूल आधाराशिवाय चालायला साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही लागतं. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. शिवाय बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर ते दोन महिने वजा करून मोजायचं असतं. दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशोब ठेवा. दहा महिन्यांचं ते बाळ मग आठ महिन्यांचं ठरतं. थांबून चालत नाही ते वेगळ्याच गोष्टीला: जे येत होतं ते जाणं. बोलणारं मूल बोलायचं थांबलं, तर अंगणवाडी ताईंना सांगून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून लगेच तपासणी करून घ्या.

सगळ्यांना किशोरवय मिळतं असं समजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एरिक्सनच्या मांडणीत किशोरवय म्हणजे समाजाने दिलेली सवलत: मोठ्यांच्या जबाबदाऱ्या जरा लांब ठेवून स्वतःला चाचपून बघायचा काळ. आता बीडमधल्या ऊसतोड कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी घ्या. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते. उचल (कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लवकर लागण्यामागे हा हिशोबही असतो. ही मुलगी धाकटी भावंडं सांभाळून मोठी झालेली असते, आता फडात मोळ्या बांधते आणि कदाचित गरोदरही असते. तक्त्यात एकापाठोपाठ येणारे टप्पे तिच्या अंगावर एकदम आले आहेत. तिला ‘भूमिका-संभ्रम’ कसला? भूमिका तिला पक्की ठाऊक आहे, फक्त ती तिने निवडलेली नाही.

म्हणून टप्प्याचं नाव शेवटी लिहा. आधी लिहा की तिच्याकडे कोणती कामं आहेत, कोणता निर्णय तिचा असतो, पैसे कुणाच्या हातात येतात, दुखलंखुपलं तर ती कुणाला सांगते. ब्रॉन्फेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञाची वर्तुळं (मुलाभोवतीचं घर, शाळा, समाज दाखवणारी) सुबक काढायची आणि त्यात उचल देऊन टोळी नेणारा मुकादमच नसायचा, असं मी बऱ्याच वह्यांमध्ये बघते.

‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून सोडून देणं हीसुद्धा चूकच. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न २००६ च्या कायद्याने बालविवाह ठरतं, आणि तिच्याशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. त्याच दिवशी पर्यवेक्षकांशी बोला. गुप्ततेचं वचन आधी देऊन बसू नका.

साठी बुद्धी नाठी

वृद्ध विसरले, बरळले की ‘वयोमानानुसार’ लिहून पान उलटायचं, ही सवय सोडा. गोंधळ दोन दिवसांत सुरू झाला की दोन वर्षांत, हे विचारा. अचानक आलेल्या गोंधळामागे जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवी गोळी असू शकते. त्यांना डॉक्टरकडे आजच न्यायला हवं. हळूहळू वाढत गेलेल्या विसराळूपणाचीही तपासणी करून घ्या. कधी नुसतं ऐकू येत नसतं. आणि आजींची माहिती सुनेला विचारून घेऊ नका. आधी आजींच्या शेजारी बसा, त्यांच्या चांगल्या कानाकडे, आणि त्यांनाच विचारा.