रीफ टँकसाठी सॉल्ट मिक्स कसं निवडावं

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा (कोरलचा) खाऱ्या पाण्याचा टँक, लावताना लाइट कुठली, स्किमर (पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र) कुठला यावर महिनाभर खल होतो आणि समुद्रासारखं पाणी बनवायचं मीठ, म्हणजे सॉल्ट मिक्स, मात्र दुकानात शिल्लक असेल ते उचललं जातं. दिलासा इतकाच, की नावाजलेल्या कंपन्यांची बहुतेक मिठं चालतात. त्यामुळे दुकानदाराला ‘सगळ्यात भारी कुठलं’ असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते एवढंच: ३५ पीपीटीला (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) या मिठाची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद, मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटची) किती येते? त्या एका आकड्यावर निम्मी निवड होऊन जाते.

आधी पाणी

मीठ कितीही चांगलं असलं तरी खाली पाणी चुकलं तर पुढचं सगळं वाया. रीफला आरओ-डीआय पाणी लागतं, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. घरातल्या प्यायच्या प्युरिफायरचं पाणी ‘आरओच तर आहे’ म्हणून वापरू नका. बऱ्याच प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत मिनरल कार्ट्रिज असते. सगळ्यात घातक म्हणजे हल्ली मिरवली जाणारी कॉपर कार्ट्रिज. माणसाला चालणारं ते तांबं कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांच्यासाठी विष आहे. पितळी नळ आणि तांब्याची भांडीही या कामापासून लांबच ठेवा.

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर टीडीएस बऱ्याचदा ५०० च्या पुढे जातो आणि डीआय रेझिन लवकर संपतं. मीटर १-२ दाखवायला लागला की रेझिन बदलायचं, ‘अजून थोडे दिवस’ करायचं नाही.

कुठला आकडा बघायचा

खऱ्या समुद्राच्या पाण्यात ३५ पीपीटीला अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि मॅग्नेशियम १२८०-१३०० पीपीएम असतं. सॉल्ट मिक्समध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडं वरखाली असलं तरी बिघडत नाही. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १४०० यांत असलं की पुढे चला.

अल्कलिनिटीचं तसं नाही, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात आहे. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम उतरतं. म्हणजे ८ डीकेएचचा टँक ६ वर आला, पाव साठा संपला, तरी कॅल्शियम ४२० वरून फक्त ४०६ वर येतं. कॅल्शियमची टेस्ट किट हा फरक धड दाखवणारही नाही. कोरलला धक्का बसतो तो अल्कलिनिटीच्या उड्यांचा.

आणि मिठांमधला मोठा फरक नेमका इथेच आहे. ट्रॉपिक मरीन प्रो रीफ किंवा रेड सीची निळी बादली साधारण ७ ते ८ डीकेएच देते. इन्स्टंट ओशन १० ते ११ च्या आसपास. रेड सी कोरल प्रो, म्हणजे काळी बादली, १२ च्या जवळ. एकाच कंपनीच्या दोन बादल्यांत ४ डीकेएचचा फरक! ‘रेड सी वापरतो’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. कुठली बादली ते सांगावं लागतं.

किराणा दुकानातलं मीठ का नाही

हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः ज्यांनी पेण-उरणकडची मिठागरं पाहिली आहेत त्यांच्याकडून. समुद्राचंच पाणी, समुद्राचंच मीठ, मग अडचण काय? मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम खाली बसतं, मग सोडियम क्लोराइडचे खडे धरतात आणि मॅग्नेशियम बहुतांशी उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. आगरी भाऊ खडे ओढून घेतो तेव्हा समुद्राचा एकच भाग हाती येतो. ते खडे परत पाण्यात टाकले तर खारं पाणी मिळेल, समुद्र नाही मिळणार. पुडीतल्या मिठात त्यावर गुठळ्या न होण्यासाठीची द्रव्यंही असतात.

थेट किनाऱ्याचं पाणी आणायचा मोहही टाळा. मुंबईच्या आसपास सांडपाणी आहे, पावसाळ्यात खाड्यांमुळे सॅलिनिटी (खारेपणा) खाली येते. आणि मालवणकडून पाण्याबरोबर प्रवाळाचा तुकडा आणणं हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमचा टँक रोज किती खातो, ते मोजा

मीठ विकत घेण्याआधीचं हे खरं काम. नवीन टँक असेल तर ही पायरी सोडा आणि ७ ते ९ डीकेएचचं मीठ घ्या. चालू टँकमध्ये डोसिंग (अल्कलिनिटी-कॅल्शियमची द्रावणं रोज मापून घालणं) बंद ठेवा, वॉटर चेंज करू नका आणि तीन दिवस रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. पहिल्या दिवशी ८.४ आणि बहात्तर तासांनी ७.५ आली तर रोजचा खप ०.३ डीकेएच. एकूण फरक अर्ध्या डीकेएचपेक्षा कमी दिसला तर तो किटच्या चुकीतही बसतो. आठवडाभर थांबून परत मोजा. एसपीएसने (लहान पॉलिपच्या कठीण कोरलने) भरलेला टँक असेल तर तीन दिवस डोसिंग बंद ठेवू नका, चोवीस तासांत कळतं.

आता मिठाचा हिशोब. टँक ८ डीकेएचवर आहे, मीठ १२ चं आहे आणि आठवड्याला १० टक्के पाणी बदलता. तर वाढ होते ४ च्या दहा टक्के, म्हणजे ०.४ डीकेएच, तीही आठवड्यात एकदा. रोजचे झाले साधारण ०.०६. एसपीएसचा टँक रोज १ डीकेएच किंवा त्याहून जास्त खाऊ शकतो. ‘एसपीएस आहेत म्हणून जास्त अल्कलिनिटीचं मीठ’ हा सल्ला इथे कोसळतो: मीठ ते काम करूच शकत नाही. ते काम डोसिंगचं किंवा कॅल्शियम रिअॅक्टरचं (कोरलचा चुरा विरघळवून तेच घटक पाण्यात सोडणारं यंत्र).

यावरून निवड अशी होते:

- झोआ, मशरूम, लेदर अशा सॉफ्ट कोरलचा टँक, डोसिंग नाही, खप रोज ०.०५ ते ०.१: १० ते १२ डीकेएचचं मीठ घ्या. वॉटर चेंजवरच बरंच निभावतं.
- डोसिंग चालू आहे, मग कोरल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण) असोत की एसपीएस: टँक ज्या अल्कलिनिटीवर ठेवता तिच्या १ डीकेएचच्या आत असलेलं मीठ घ्या. बहुतेकांसाठी हे ७ ते ९ चं असतं.
- नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य असलेला एसपीएस टँक: ७ ते ८ च. पोषण कमी आणि अल्कलिनिटी जास्त, हे जमलं की फांद्यांची टोकं पांढरी पडून जळतात.

एक गोष्ट विसरली जाते. एखाद्या दिवशी काही बिघडलं की ५० टक्के पाणी बदलावं लागतं. ७.५ च्या टँकमध्ये १२ चं निम्मं पाणी गेलं तर अल्कलिनिटी एका तासात ९.७५ होते. आजारी टँकला वर हा झटका! संकटात उपयोगी पडेल तेच मीठ रोजच्यासाठी ठेवा.

किंमत बादलीची नाही, लिटरची

३५ पीपीटीचं पाणी करायला वेगवेगळ्या मिठांचे लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम लागतात, कारण प्रत्येकात ओलावा आणि घटकांची रूपं वेगळी. २० किलोची बादली ३६ ग्रॅमच्या हिशोबाने ५५५ लिटर देते, ४० ग्रॅमच्या हिशोबाने ५००. बादलीची किंमत या लिटरने भागा. बादलीवर छापलेले लिटर बघताना ते किती सॅलिनिटीचे आहेत तेही वाचा; काही ठिकाणी ३३ पीपीटी धरून आकडा फुगवलेला असतो.

३ फूट बाय दीड फूट बाय दीड फूट टँक काठोकाठ १९० लिटरचा. दगड-वाळू वजा, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १८० लिटर पाणी. आठवड्याला १८-२० लिटर बदलायचं म्हणजे २० लिटरला ३८ ग्रॅमने ७६० ग्रॅम मीठ. २२ किलोची बादली साडेसहा महिने पुरते. याहून मोठा साठा करू नका, कारण पुढे येणारा पावसाळा.

मोठी बादली घेण्याआधी चाचणी

लहान, न फोडलेलं पाकीट आणा. कोणाच्या बादलीतून वाटीभर आणलेलं मीठ चाचणीला चालत नाही. हलक्या-जड कणांची वाटणी झालेली असते आणि आकडा भलताच येतो. १० लिटर पाणी करा, २५ अंशाला ३५ पीपीटी अचूक जुळवा, मग अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजा. ३३ वर मोजलंत तर सगळेच आकडे जवळपास ६ टक्के कमी दिसतील आणि दोष मिठाला जाईल.

सॅलिनिटी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवणं पुरेसं नाही. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध सोडियम क्लोराइडसाठी आखलेले असतात; खरं ३५ पीपीटीचं पाणी त्यांवर ३६.५ दिसतं. त्यावर ३५ जुळवणारा माणूस वर्षभर साडेतेहेतीसचा टँक चालवतो.

मिसळायची पद्धत

१. बादली फोडण्याआधी आडवी करून दोन-तीन मिनिटं गडगडवा, म्हणजे घटक एकसारखे मिसळतील.

२. २० लिटर करायचे असतील तर फूड-ग्रेड ड्रममध्ये आधी १९ लिटर आरओ-डीआय पाणी घ्या. भंगारवाल्याकडचा निळा ड्रम नको, त्यात आधी काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

३. पाण्यात पंप चालू करा, मग मीठ वजन करून, मुठीमुठीने, दहाएक मिनिटांत सोडा. मापाच्या कपावर विसंबू नका.

४. पाणी स्वच्छ दिसलं की सॅलिनिटी बघा आणि उरलेल्या पाण्याने ३५ वर आणा.

५. टँकच्या तापमानाच्या एका अंशात आणि सॅलिनिटीच्या १ पीपीटीत आलं की वापरा.

क्रम उलटा केला, म्हणजे ड्रममध्ये मीठ आणि वरून पाणी, तर तळाशी काही क्षण अतिशय दाट द्रावण होतं. कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथे एकमेकांना धरतात आणि पाणी ताकासारखं पांढरं होतं. पंप रात्रभर फिरला तरी ते निवळत नाही. निवळलंच तर तळाला पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे तुम्ही पैसे मोजलेली अल्कलिनिटी. असं पाणी मोजून बघा, १-२ डीकेएच सहज गेलेले असतात.

किती वेळ फिरवायचं हे मिठावर आहे. कोरल प्रोसारखं जास्त अल्कलिनिटीचं मीठ चार तासांच्या आत वापरायचं. जास्त फिरवलं, गरम केलं की तेच कार्बोनेट हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर खरवडून काढायची वेळ येते. ७-८ डीकेएचची मिठं झाकण लावून काही दिवस ठेवता येतात.

अल्कलिनिटी थोडी कमी आली तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा १ डीकेएच वाढवतो. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. जास्त आली तर आम्ल घालून खेळत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी दुसरं मीठ आणा.

पावसाळ्यात मीठ

जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत उघडी बादली म्हणजे नुकसान. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, मिठाला गुठळ्या होतात आणि त्या ओलसर गुठळ्यांत बादलीतच कार्बोनेट धरतं. बोटांनी सहज फुटणारं ढेकूळ चालेल. दगडासारखा झालेला गोळा विरघळवून अल्कलिनिटी मोजल्याशिवाय टँकला घालू नका. शिवाय ओलं मीठ वजनाला जड, म्हणजे ३८ ग्रॅममध्ये मीठ कमी आणि पाणी जास्त. बादली आणली की दोन-दोन किलोच्या जाड झिपलॉक पिशव्यांत भरा, हवा काढा, आणि भरण्याआधी ती गडगडवायला विसरू नका.

मीठ बदलायचं असेल तर

जुन्या आणि नव्या मिठाच्या अल्कलिनिटीत १ डीकेएचपर्यंतच फरक असेल तर सरळ बदला. त्याहून जास्त असेल तर पहिले चार आठवडे एका वेळी १० टक्क्यांच्या वर पाणी बदलू नका, आणि डोसिंग पंपाची मात्रा आठवड्याला एकदा टेस्ट करून जुळवत जा. १२ वरून ८ च्या मिठावर आलात तर डोस थोडा वाढवावा लागतो. उलट दिशेने जाताना आधी डोस कमी करा, मग नवी बादली उघडा.