पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलंय? मग प्लगच्या या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीतले पॉईंट, म्हणजे करंट तोडून स्पार्क घडवणारे जुने कॉन्टॅक्ट, काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकलं की पहिले आठ दिवस माणूस हवेतच असतो, सकाळी एका सेल्फमध्ये गाडी चालू, पॉईंट घासायची कटकट गेली, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की आता स्पार्क जोरदार आहे ना, मग प्लगचा गॅप, म्हणजे स्पार्क उडी मारतो ती फट, वाढव की. मीपण वाढवला. ०.६ वरून डायरेक्ट १ एमेम, कारण नव्या गाड्यांना चालतो तर हिला का नाही.

जुलैत कळलं का नाही ते. सपाट रस्त्यावर लोणी, पण चढ आला आणि पाय दाबला की मिसिंग. कार्बोरेटर दोनदा खोलला, उगाच. शेवटी एका रात्री पार्किंगचा लाईट बंद करून बॉनेट उघडलं, बायकोला म्हटलं एकदम रेस दे, तर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या झाकणाच्या, अंगावरून बारीक जांभळट रेषा पळताना दिसल्या, तीन नंबरच्या वायरपासून खाली क्लिपपर्यंत. करंट प्लगपर्यंत जातच नव्हता, मधेच उतरत होता.

गॅप जेवढा मोठा तेवढं उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं म्हणून अजून लागतं. व्होल्टेज वाढवणारी नवी कॉईल ते देते पण, पण कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, वायरी जुन्या आणि वर पावसाळी ओल, मग करंट सोपी वाट धरतो. म्हणजे गॅप किती ठेवायचा हे कॉईल नाही, वाटेतला सगळ्यात कच्चा पार्ट ठरवतो. किटबरोबरच्या कागदावर आकडा असेल तर तो पाळा. नसेल तर ०.६ वरच राहा, कॅप-रोटर-वायरी नव्या टाकल्या की ०.७, जमलं तर ०.८, आणि दर वेळी घाटात नेऊन बघा. माझी ०.७ वर खुश आहे. नुसतं मॉड्यूल (किटमधला इलेक्ट्रॉनिक भाग) बदललंय आणि कॉईल जुनीच असेल तर गॅपला हातच लावू नका.

गॅप सेट करताना बाहेरची वाकडी पट्टीच वाकवायची, मधल्या टोकावर पकडीचा टेकू दिला तर आतलं पोर्सिलेन तडकतं आणि वरून काही दिसतही नाही. नवीन प्लगसुद्धा फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा, डब्यात पडून पडून गॅप बिघडलेला असतो.

दुकानात ‘हा पण चालेल’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग देतात तेव्हा आकडा नीट बघा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, बॉशमध्ये बरोब्बर उलटं. आणि इग्निशन बदललं म्हणून ही हीट रेंज बदलायची काही गरज नसते.

तांब्याच्या साध्या वायरी आणि साधे प्लग, हे इलेक्ट्रॉनिक किटशी जमत नाही. स्पार्कच्या आवाजाने, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉईजने, मॉड्यूल गडबडतं. रेझिस्टर वायरी टाका नाहीतर नावात आर असलेले प्लग घ्या. रेझिस्टरने स्पार्क मरतो म्हणणारे काका प्रत्येक गॅरेजमध्ये असतात, सोडून द्या.

या १०८९ सीसी इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे निघून येऊ शकतात, त्यामुळे गरम इंजिनवर प्लग पाना लावायचा नाही. पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून हाताने फिरवा, आटे चुकले तर पाईप नुसता घसरतो, हेड वाचतं. हाताने टेकला की नवीन वॉशरवाल्याला पान्याने अर्धा फेरा, जास्तीत जास्त थोडा वर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्येच गेली, तेव्हा ‘टॅक्सीवाल्याकडून हेड मिळेल’ या भरवशावर राहू नका.

किट बसवल्यावर टायमिंग लाईटने टायमिंग, म्हणजे स्पार्क योग्य क्षणी पडतो का ते, बघितलंय ना? नसेल तर प्लग पांढरे पडले म्हणून प्लगला शिव्या देऊ नका. आणि वायरी काढताना नंबर टाका, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, दोन वायरी उलट झाल्या की सायलेन्सरमधून दिवाळी.

प्लगच्या रंगावरून इंजिनची तब्येत ओळखायची तर पंधरा-वीस किलोमीटर चालवून लगेच बंद करा, आयडलवर ठेवलीत तर सगळेच काळे दिसतील. थंड झाल्यावर काढून पेपरवर ओळीने मांडा. चारही काजळलेले असतील तर कार्बोरेटर बघा. एकच काळा असेल तर तो शेजारच्याशी बदलून परत फेरी मारा: काळेपणा प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, तिथेच राहिला तर वायर, कॅप, आणि तेही ठीक निघालं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करायला न्या.