स्पॅनिशचा इम्परफेक्ट: 'करायचो'वाला भूतकाळ कसा वापरायचा

स्पॅनिश शिकताना भूतकाळ आला की बरेच जण गळपटतात, कारण तिथे साधे भूतकाळ दोन आहेत. पण त्यातला इम्परफेक्ट खरंच सोपा आहे, आणि मराठी माणसाला तर जास्तच, कारण आपण 'लहानपणी आम्ही गल्लीत खेळायचो' म्हणतो तिथे डोळे झाकून इम्परफेक्ट टाकायचा.

आधी क्रियापद बनवायला शिका. मूळ रूपाच्या शेवटचं आर, एर किंवा ईर काढून टाका. आब्लार (बोलणे) मधून उरलं 'आब्ल', त्याला शेपट्या लावा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. म्हणजे मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते. यातलं पाचवं रूप स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'लाही 'ते'चंच रूप वापरतात, त्यामुळे मेक्सिकोचं स्पॅनिश शिकत असाल तर ते फक्त ओळखता आलं तरी पुरे.

एर आणि ईरवाल्यांच्या शेपट्या सेमच. कोमेर (खाणे): कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. बिबीर (राहणे) पण तसंच, बिबीआ वगैरे.

लिहिताना दोन गोष्टी बघा. 'आबा' नेहमी बी अक्षराने लिहायचं, स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही कानाला सारखेच लागतात म्हणून इथे हमखास घोळ होतो. आणि 'ईआ'मधल्या आय वर तिरकी रेघ सगळ्या रूपांत हवीच, आर गटात मात्र ती फक्त 'आबामोस'च्या पहिल्या ए वर येते.

वर्तमानकाळात वाकडी जाणारी क्रियापदं इथे शहाण्यासारखी वागतात. खुगार (खेळणे) वर्तमानात खुएगो होतं, इम्परफेक्टमध्ये सरळ खुगाबा. तेनेर (जवळ असणे) चं तेनीआ. खरी अनियमित तीनच: सेर म्हणजे असणे (एरा), इर म्हणजे जाणे (इबा), बेर म्हणजे बघणे (बेईआ). ती पाठच करून टाका.

आता वापरायचा कुठे? सवय असेल तर, जसं 'दे निन्यो खुगाबा एन ला काये', लहानपणी मी रस्त्यावर खेळायचो. मुलगी बोलत असेल तर 'दे निन्या' होईल पण खुगाबा तसंच राहतं, आपल्यासारखं खेळायचो-खेळायची नाही. फक्त 'मी' आणि 'तो/ती' यांचं रूप एकच असल्यामुळे गोंधळ होईल असं वाटलं तर पुढे यो (मी), एल (तो) किंवा एया (ती) लावा.

दुसरं म्हणजे काहीतरी चालू होतं आणि मध्येच काहीतरी घडलं: 'दोर्मीआ क्वान्दो सोनो एल तेलेफोनो'. झोपलो होतो ते इम्परफेक्ट, फोन वाजला ते दुसऱ्या भूतकाळात. वय, वेळ, हवा, घर कसं होतं, असं सगळं वर्णनही इम्परफेक्टमध्येच, उदाहरणार्थ 'तेनीआ दिएस आन्योस', मी दहा वर्षांचा होतो. 'होतं/होते' म्हणजे तिथे अमुक होतं असं सांगायचं तर आबीआ, आणि ते अनेकवचनातही बदलत नाही, एक मूल असो की शंभर.

फसायला होतं ते इथे: तीन वर्षं माद्रिदला राहिलो. काळ लांब आहे म्हणून लोक 'बिबीआ' लावतात, पण मुदत सांगून गोष्ट संपवली की दुसरा भूतकाळ येतो, 'बिबी त्रेस आन्योस एन माद्रिद', आणि त्यात जोर शेवटच्या बी वर. मुदत न सांगता 'तेव्हा मी माद्रिदला राहायचो' म्हणायचं असेल तर बिबीआ बरोबर. शंका आली की वाक्य मनात मराठीत '-यचो' किंवा '-त होतो' लावून बघा, बसलं तर बहुतेक वेळा इम्परफेक्टच.

अजून एक वापर पुस्तकात उशिरा येतो पण स्पेनमध्ये कॅफेत गेलात की पहिल्या दिवशीच कामाला येईल: 'केरीआ उन काफे'. शब्दशः 'मला एक कॉफी हवी होती', अर्थ आत्ता हवीये, फक्त नम्रपणे. आपण नाही का काउंटरवर 'जरा एक विचारायचं होतं' म्हणत, अगदी तसंच.