एका बाजूला झुकलेला पेशंट : फिजिओथेरपीत नवीन असाल तर

बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) नुकतंच झालंय किंवा इंटर्नशिप चालूय आणि इथेच गोव्यात कुठेतरी क्लिनिकला लागायचं डोक्यात आहे, अशांसाठी लिहितेय. एक पेशंट तुम्हाला पहिल्या काही दिवसांतच भेटणार, जो आरशात बघून स्वतःच निदान करून आलेला असतो, 'मॅडम, उजवा खांदा खाली गेलाय, कंबर वाकडी झालीय, सरळ करून द्या'. आणि भिंतीवर चौकटींचा पोश्चर चार्ट लावलेला असतोच, मग लगेच खांदा किती खाली ते मोजायचा मोह होतो.

थोडं थांबा. माणूस मुळातच दोन्हीकडे सारखा नसतो. लिव्हर उजवीकडे, हृदय डावीकडे कललेलं, डायफ्रामचा (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) उजवा घुमट डाव्यापेक्षा वर, आणि ज्या हाताने कामं करतो तो खांदा बऱ्याच जणांचा जरा खालीच असतो. पायांच्या लांबीत पाचेक मिलिमीटरचा फरक काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत सापडतो. त्यामुळे वाकडं दिसतंय म्हणून दुखतंय असं धरून चालू नका. दिसण्यापेक्षा कुठल्या बाजूने काय जमत नाही ते शोधा, माझा तरी सगळा भर त्यावरच असतो.

तपासणी टेबलावर नाही, दारातून सुरू होते. पेशंट पायरी कुठल्या पायाने चढतो, चपला काढताना कुठल्या पायावर उभा राहतो, पर्स कायम एकाच खांद्यावर आहे का. आपल्याकडे स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या काकी अजून भरपूर आहेत, रोज डिचोलीहून म्हापशाला तसं बसून जायचं म्हणजे कंबर तेवढा वेळ पिळलेलीच. हे पुस्तकात नसतं, विचारावं लागतं.

मग उभं करून मागून बघा, पण तेवढ्यावर सोडू नका, स्टुलावर बसवून परत बघा. उभं असताना पेल्विस (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) तिरका आणि बसल्यावर सरळ झाला तर कारण बहुधा पायांत, बसल्यावरही तिरकाच राहिला तर पेल्विस किंवा त्याच्या वर शोधायचं. पायाची लांबी टेपने मोजताना कमरेच्या पुढच्या हाडापासून (एएसआयएस) घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत दोनदा मोजून सरासरी घ्या, तरीही चूक राहतेच, म्हणून मी आखूड वाटणाऱ्या पायाखाली पातळ फळ्या एकेक करून सरकवते आणि पेल्विस कधी सरळ होतो ते बघते. एका पायावर उभं केल्यावर वर उचललेल्या पायाकडचा पेल्विस खाली पडला तर उभ्या पायाकडचा ग्लुटियस मिडियस (नितंबाच्या बाजूचा स्नायू) कमजोर, हीच ट्रेंडेलेनबर्ग टेस्ट. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) धडाधड सांगणारी मुलं क्लिनिकमध्ये नेमकी उलट बाजू लिहितात, म्हणून मुद्दाम सांगतेय.

एक उदाहरण देते. भजनात पेटी वाजवणारे एक काका आले होते, मानेच्या उजव्या बाजूला आणि डाव्या कमरेत सारखी उसण भरायची. एमआरआयची फाइल जाडजूड आणि त्यात वयाला साजेसं सोडून काही नाही. मी म्हटलं, काका, पुढच्या वेळी पेटी घेऊन या. आणलीन त्यांनी. मांडी घातली, डावा हात भात्यावर, उजवा स्वरांवर, धड उजवीकडे वळलेलं आणि मान गायकाकडे, बरं उजवा पाय कायम वरच. सप्ताहाच्या दिवसांत तासन् तास असंच. उताणं झोपवून धड वळवायला लावलं तर उजवीकडे मस्त, डावीकडे अर्ध्यावरच अडकलं. आता यात खांदा सरळ करून काय होणार? बुडाखाली जाड घडी घालून बसायला लावलं, पेटी पाटावर चढवली, दर अभंगाला मांडी बदलायची आणि अभंग संपला की डावीकडे वळून मागच्या टाळकऱ्याकडे बघायचं. घरी कुशीवर झोपून डावीकडे वळायचा व्यायाम, आणि एका हातात पाण्याची बादली घेऊन न झुकता अंगणात फेऱ्या, हात बदलून बदलून. खांदा अजून खालीच आहे हो, पण उसण भरणं कमी झालं आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

व्यायाम देताना आधी कमजोर बाजू करून घ्यायची, ती जितके रेप्स (एका दमात जितक्या वेळा) काढेल तितकेच चांगल्या बाजूने, आणि कमजोर बाजूला एक सेट जास्त. फरक आकड्यात लिहा. एका पायावर टाच उचलणं उजवीकडे 20 वेळा आणि डावीकडे 12 वेळा जमतंय म्हणजे डावी बाजू 60 टक्क्यांवर, हे पेशंटलाही कळतं. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळात परत सोडताना साधारण 90 टक्क्यांची अपेक्षा धरतात, पण घर सांभाळणाऱ्या आजींना तो आकडा लावत बसू नका. बुटात टाच उंच करून द्यायची घाई नको, एक सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना चालून जातो. फुगा फुगवून श्वासाचे व्यायाम वगैरे पोश्चरल रिस्टोरेशनचे (शरीराची ठेवण सुधारायच्या एका पद्धतीचे) कोर्स हल्ली सगळे करतात, त्यातला श्वासावरचा भर मला आवडतो, पण प्रत्येक माणूस एकाच ठरावीक पॅटर्नमध्ये अडकलेला असतो हे काही पटत नाही.

आणि चवथीला (गणपतीत) क्लिनिक ओस पडतं, तेव्हा घरी करायचं आधीच कागदावर लिहून द्या, दोन-तीनच व्यायाम, जास्त दिले की एकही होत नाही.

व्यायाम न देता पुढे पाठवायचे पेशंट मात्र ओळखता आले पाहिजेत. वाढीच्या वयातली मुलगी पुढे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर येत असतील तर ऑर्थोकडे (हाडांच्या डॉक्टरकडे), एक्स-रेत कॉब अँगल (कण्याच्या बाकाचा कोन) 10 अंश किंवा जास्त आला की स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, धरतात आणि वाढ चालू असेपर्यंत तो वाढू शकतो. लहान मूल अचानक लंगडायला लागलं, किंवा कुणाचंही पाऊल लुळं पडलं, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि कालपर्यंत धड असलेला माणूस आज एकाएकी एका बाजूला झुकतोय, तोंड वाकडं झालंय, बोलणं जड झालंय, तर टेबलावर घेऊच नका, 108 ला फोन करून सरळ बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात), कारण पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते आणि ती लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात, तुमच्याकडे आल्यापासून नाही.