कुत्रा अचानक केकाटला तर या चुका टाळा

रात्री साडेदहाच्या सुमारास सोफ्यावरून उतरताना आमची डॅशहुंड कुत्री एकदाच जोरात केकाटली आणि जागच्या जागी थिजून उभी राहिली. मान खाली, कान मागे, पाठ किंचित कमानीसारखी वर आलेली. कुठे रक्त नव्हते, सूज नव्हती, पंजात काटाही नव्हता. पुढच्या पंधरा मिनिटांत घरातल्या चौघांनी मिळून जे केले, त्यातले बहुतेक चुकीचे होते.

पहिली चूक म्हणजे दुखते कुठे हे शोधण्यासाठी प्रत्येकाने तिला आपापल्या परीने दाबून पाहणे. एकाने पाय ओढला, दुसऱ्याने मान वळवली, आणि चौथ्या हाताच्या वेळी आयुष्यात कधी न गुरगुरलेल्या त्या जनावराने दात दाखवले. वेदनेत असलेला कुत्रा मालकालाही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. त्याऐवजी दोन पावले दूर बसून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर चढताच भीतीपोटी कुत्रा दुखणे लपवतो आणि डॉक्टरांना नेमके तेच दिसत नाही. कुत्रा मान वळवण्याऐवजी फक्त डोळे फिरवतो का, खाली ठेवलेल्या भांड्यापर्यंत तोंड नेताना अडखळतो का, मागच्या पंजाची नखे फरशीवर घासल्याचा आवाज येतो का, या बारकाव्यांवरून मानेचे किंवा पाठीचे दुखणे ओळखायला मोठी मदत होते.

सर्वांत घातक चूक औषधाच्या डब्यापाशी होते. माणसांसाठीची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी ‘अर्धीच तर देतोय’ म्हणून दिली जाते. पण पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना इजा होऊ शकते, तर बाकीच्या दोन औषधांनी जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. मागच्या आजारातली उरलेली स्टेरॉइडची गोळीही देऊ नये, कारण त्यानंतर डॉक्टरांनी दुसरे वेदनाशामक दिले तर दोन्ही मिळून जठराला अधिकच अपाय करतात. घाबरून काही दिलेच असेल, तर ते संकोच न करता सांगावे. वेदनाशामक मलमही लावू नये, कुत्रा ते चाटतो. तेल लावून चोळण्याचा तर मोह आवराच. मणक्यांमधली चकती सरकली असेल तर मालिश म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

उचलण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. लहान मुलाला घ्यावे तसे पुढच्या दोन्ही पायांखाली हात घालून उचलले की मागचे धड लोंबकळते आणि सगळा ताण पाठीवर येतो. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांच्या मागून पुठ्ठ्यांखाली घालून पाठ आडवी, सरळ राहील असे उचलावे. मोठ्या कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर न्यावे. तोंड बांधायची वेळ आली तर मऊ कापड वापरावे, मात्र ओकारी येत असेल किंवा धाप लागली असेल तर मुळीच बांधू नये.

‘जेवला म्हणजे बरा आहे’ ही समजूत सोडून द्यावी, कारण बरेच कुत्रे वेदनेतही जेवतात. मानेत दुखणारा कुत्रा भांडे वर उचलून धरले की खातो आणि आपण निश्चिंत होतो.

प्रत्येक केकाटण्यामागे मणकाच असतो असे नाही. मोडलेले नख, कानातला संसर्ग, शेपटीखालच्या तुंबलेल्या गुदग्रंथी यांमुळेही कुत्रा असाच दचकून ओरडतो, आणि अशा वेळी तो एरवी नेहमीसारखा वागत असेल तर सकाळपर्यंत थांबता येते. परंतु पोट फुगले असून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येत असतील, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, मागचे पाय लुळे पडले असतील किंवा लघवी होत नसेल, तर रात्रीच निघावे. पोटाला पीळ पडणे हा प्रकार जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत विशेष आढळतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. निघण्याआधी ‘उपाशी कसा न्यायचा’ म्हणून दूधभात भरवू नये. भूल द्यावी लागली तर भरलेले पोट अडचणीचे ठरते.

शेवटची चूक आमच्या हातून दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी ती शेपूट हलवत आली, म्हणून आम्ही दवाखाना पुढे ढकलला आणि फिरायलाही नेले. संध्याकाळी गुळगुळीत फरशीवर तिचा मागचा डावा पंजा दुमडला जाऊ लागला. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात आणि किरकोळ उडीनेही सरकतात. पहिली कळ ओसरली तरी इजा भरून आलेली नसते. तपासणीनंतर औषधांबरोबर चार आठवड्यांची बंदिस्त विश्रांती सांगितली गेली, म्हणजे पिंजरा, आणि लघवीपुरते पट्ट्याने बाहेर. पाचव्या दिवसापासून ती स्वतःला पूर्ण बरी समजून पिंजऱ्याची जाळी खरवडत होती. उरलेले तेवीस दिवस आम्ही तिचे काही ऐकले नाही.