पाऊस सरताना: गुलाब आणि रानझाडांचा शेजार

शेतावरच्या घराभोवती, विहिरीच्या वाटेला किंवा बांधालगत ऐसपैस जागा असली, की तिथे रेघोट्या मारल्यासारखे वाफे करण्यापेक्षा गुलाब आणि आपली रानझाडं मिसळून लावावीत, असं आता बऱ्याच जणांच्या मनात येतं. कल्पना चांगलीच आहे. पावसाळ्यात ती छान जमल्यासारखीही वाटते, कारण तेव्हा पाणी सगळ्यांना सारखंच मिळतं. खरी परीक्षा ऑक्टोबरात सुरू होते. पाऊस थांबला की गुलाब पाणी आणि खत मागू लागतो. माळरानावरची झाडं मात्र त्याच वेळी वाढ आवरती घेऊन कोरड्या दिवसांची तयारी करत असतात. दोघांना एकाच नळीवर ठेवलं, तर एक उपाशी मरतो नाहीतर दुसरा खाऊन मरतो.

मी स्वतः यात फसलो आहे. गुलाबी गुलाबाशेजारी तरवडाचा पिवळा रंग खुलून दिसेल म्हणून दोन्ही हातभर अंतरावर लावले. पहिल्या वर्षी तरवड झपाट्याने वाढला, दुसऱ्या हिवाळ्यात उंच, लेचापेचा होऊन आडवा झाला आणि तिसऱ्या वर्षी मुळं कुजून गेला. बांधावर कुणी पेल्याभर पाणी न घातलेला तरवड मात्र अजून फुलतो आहे. तेव्हापासून मी शेजार रंगावरून ठरवत नाही, पाण्यावरून ठरवतो.

आळ्यातली, काठावरची आणि कोरडवाहू

यंदा ऑक्टोबरात बागेत फिरताना झाडांची या तीन गटांत मनाशी वाटणी करा.

गुलाबाच्या आळ्यात बारा महिने ओल राहते. तिथे उथळ मुळांची, ओलीला न कंटाळणारी बुटकी झाडंच चालतात. मंडूकपर्णी जमिनीलगत पसरते, माती झाकते आणि गुलाबाच्या मुळांशी फारशी भांडत नाही. माका आपोआप उगवतो. दाटी झाली तर उपटावा, नाहीतर राहू द्यावा. आळ्याच्या कडेला एखादी तुळस असावी, मंजिऱ्या आल्या की तिच्यावर मधमाश्यांची ये-जा चालू राहते. गुलाबाच्या खोडाभोवती वीतभर जागा मात्र मोकळी ठेवा. तिथे हवा खेळली पाहिजे.

आळ्याच्या बाहेर, साधारण दीड-दोन मीटरवर, ओल झिरपून येते पण साचत नाही. हा काठ अडुळसा, निरगुडी, कोरांटी आणि शतावरीचा. चौघंही कोरडं सोसतात आणि बेताच्या ओलीनेही बिघडत नाहीत. पिवळी कोरांटी पावसाळा संपताना फुलू लागते आणि छाटलेल्या गुलाबाला पहिली फुलं येतात तेव्हाही ती बहरात असते. रंगांची जोडी हवीच असेल तर तरवडाऐवजी ही लावा. निरगुडीला वर्षातून एकदा कापून गुडघ्याएवढी ठेवावी लागते, नाहीतर ती गुलाबाचं ऊन खाते.

त्यापलीकडे कोरडवाहू पट्टा. करवंद, धायटी, तरवड, मुरुडशेंग, कुडा, रुई. लावल्यावर पहिले दोन उन्हाळे यांना जगण्यापुरतं पाणी द्या, नंतर हात आखडता घ्या. खत तर नकोच. शेणखताने धायटीला पाला भरपूर येतो, पण फूल कमी येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढून गुलाबाची फुलं लहान आणि फिकी होऊ लागली, की धायटी लाल होते आणि शिंजीर पक्षी तिच्याभोवती दिवसभर चिवचिवत असतात. बागेतला हा महिना रानझाडांचाच.

ठिबक असेल तर गुलाबाची नळी वेगळी काढून तिला वेगळा कॉक बसवा. हे एक केलं तरी निम्मं काम झालं. ठिबक नसेल तर आळी नीट बांधून फक्त आळ्यातच पाणी द्या, पाटाने सगळ्या बागेवर सोडू नका. काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांनी आणि मुरमाड जमिनीत दिवसाआड पाणी हा ढोबळ अंदाज. बोटभर माती उकरून आत ओल दिसली, तर त्या दिवशी पाणी नको.

सावली कोणत्या बाजूला?

गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, तेही सकाळचं असेल तर उत्तम. रात्रीचं दव लवकर वाळतं आणि रोग कमी येतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारनंतर सावली मिळाली तर झाड वाचतं. म्हणून मोठं झाड लावायचं तर गुलाबाच्या पश्चिमेला. दक्षिणेला लावण्याची चूक फार जण करतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि आपल्याकडे भरदुपारीही झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब उत्तरेकडे पडते. सहा मीटरचं झाड दक्षिणेला असलं, तर पाच-साडेपाच मीटरपर्यंतचे गुलाब ऐन बहरात सावलीत जातात.

दुसरा मुद्दा पानगळीचा. थंड देशांतल्या बागांविषयी वाचून काही जण पानगळ होणारं झाड शोधतात, म्हणजे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळेल. आपल्याकडे गणित उलटं आहे. पळस, बहावा हिवाळाभर बऱ्यापैकी पाला धरून असतात आणि उन्हाळा लागताना, नेमकी सावली हवी तेव्हा, उघडे पडतात. ते कोरडवाहू पट्ट्यात शोभेसाठी जरूर असावेत. पश्चिमेची सावली मात्र सदाहरित झाडाची हवी. माझी पसंती बकुळीला. वाढ सावकाश, पण पाला दाट आणि मुळांचा उपद्रव कमी. तिला गुलाबापासून पाच मीटर तरी लांब ठेवा. तिच्या सावलीत दशमुळी लावली तर हिवाळ्यात निळी-गुलाबी फुलं मिळतात. गुलाब तिथे नाहीतरी फुललाच नसता.

कोणता गुलाब?

रानझाडांच्या गर्दीत कटफ्लॉवरचे, लांब दांड्यांचे गुलाब लावू नयेत, हे माझं ठाम मत आहे. त्यांना लागणारी फवारणी रानझाडांवरच्या किड्या-पाखरांना सोसत नाही. मोकळ्या बागेला जुने, काटक, स्वतःच्या मुळांवर वाढणारे गुलाब बरे. खेड्यापाड्यांत ज्याला गावठी म्हणतात तो फिकट गुलाबी, सुवासिक गुलाब पुष्कळदा एडवर्ड असतो. तोही मुळात परदेशी, बूर्बाँ गटातला, म्हणजे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातला. पण इथल्या उन्हापावसाला तो चांगला सरावला आहे. भारताचे खरे रानगुलाब हिमालयात, गंगेकाठच्या पाणथळ भागात आणि नीलगिरी-पळणीच्या डोंगरांत आढळतात. त्यांना दख्खनच्या मुरमात आणून बसवण्याचा हट्ट नको.

कलमी गुलाब आधीपासून असतील तर डोळा भरलेल्या जागेखालून येणारे फुटवे आत्ताच तपासा. पावसात ते भराभर वाढतात आणि कलम मागे पडतं. असा फुटवा वरून कापू नका. माती उकरून तो मुळाशी जिथून निघतो तिथून ओढून काढा.

छाटणीचं वेळापत्रक

परतीचा पाऊस पुरता थांबल्याखेरीज कात्री लावू नये. साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, आणि कोकण-घाटमाथ्यावर आठ-दहा दिवस आणखी उशिरा. ओल्या हवेत छाटलं तर नवी पालवी काळ्या ठिपक्यांना बळी पडते आणि कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत जाते. अशी वाळकी फांदी दिसली तर काळा भाग संपतो तिथे न थांबता आणखी दोन इंच खाली, आतलं लाकूड पांढरं-हिरवं दिसेल तिथे कापा.

झुडपी गुलाबाची मेलेली, रोगट आणि एकमेकींत अडकलेली फांदी काढून बाकीची निम्म्यावर आणा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि तिरपा घ्यावा. एडवर्डसारख्या जुन्या झाडाला इतकंही नको, तिसरा हिस्सा कमी केला तरी पुरे. कुंपणावर चढवलेल्या वेली गुलाबाला तर आत्ता हात लावू नका. वर्षातून एकदाच बहरणाऱ्या वेली जुन्या फांदीवर फुलतात, त्यामुळे ऑक्टोबरात कापलेली फांदी म्हणजे गमावलेला बहर. त्यांच्या लांब फांद्या फक्त आडव्या वाकवून सैल बांधा. आडव्या फांदीला डोळ्याडोळ्यातून फूट येते.

कापलेल्या जाड टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. थोड्या झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करा, सगळं मिळून पाणी १ लिटर. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको. पेस्ट त्याच दिवशी संपवा. मग आळं हलकं खोदून झाडामागे ५ ते १० किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड घाला. कच्चं शेणखत घातलं तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आवतण. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत फुलं सुरू होतात, म्हणजे १५ ऑक्टोबरला छाटलं तर डिसेंबर लागताना.

छाटलेल्या फांद्या फेकून देऊ नका. एडवर्डच्या पेन्सिलीएवढ्या जाड, १५ ते २० सेंटिमीटरच्या काड्या करून सावलीतल्या वाळूमिश्रित मातीत दोन तृतीयांश खोल रोवा. ज्या जगतील त्या पुढच्या जूनमध्ये काठावर लावायला तयार होतील. रोगट पानं मात्र गोळा करून खोल पुरा, आच्छादनात मिसळू नका. बाकीचा सगळा पालापाचोळा दोन-तीन इंचांच्या थराने आळ्यात पसरा. तो जाळणं म्हणजे खत जाळणं.

फवारण्याआधी

गुलाबाच्या पानांच्या कडा कुणीतरी कंपासने कापल्यासारख्या गोल कातरलेल्या दिसतील. घाबरू नका. ती पानकापी माशी, मधमाशीची एकटी राहणारी बहीण. पानाचे तुकडे ती घरट्याला अस्तर म्हणून नेते. झाडाचं काही बिघडत नाही आणि परागीभवन फुकट होतं.

डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येईल. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा आणि आठवडाभर थांबा. इथे रुई कामाला येते. तिच्यावर पिवळा मावा असतो. तो रुईच्या कुळातच रमतो, गुलाबावर येत नाही. पण त्याला खायला आलेले ढालकिडे आणि सिरफिड माश्या गुलाबापर्यंत पोचतात. म्हणून बांधावरची एखादी रुई राखाच. मावा तरीही वाढला तर ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, फक्त शेंड्यांवर. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही फक्त गुलाबावर आणि ऊन उतरल्यावर.

आत्ता काय उपटायचं, काय राखायचं

गाजरगवत, रानमारी आणि घाणेरीची रोपं ओल आहे तोवर मुळासकट सहज निघतात. पिवळा कॉसमॉस दिसायला गोड, पण बी पडलं की माळ व्यापतो. तो रानफूल नव्हे, मेक्सिकोकडचा पाहुणा आहे. सोनकी आणि तेरडा मात्र बी धरेपर्यंत उभे राहू द्या. तेरड्याच्या शेंगा हात लागताच फुटतात, म्हणून कागदी पिशवी बांधून मगच तोडा. तरवड आणि खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या की बी काढून ठेवा. तरवडाचं बी कडक असतं, जूनमध्ये पेरण्याआधी वाळूत घासून रात्रभर भिजवा. रानातून कंद किंवा झाडं उपटून आणू नका. बी आणा, तेही मूठभरच. कारवीचा मोह होईल, पण ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते, मग तिथे मोठं भगदाड पडतं. जागा मुबलक असेल तरच.

गुळवेल गुलाबावर चढू देऊ नका, ती त्याला झाकून टाकते. कळलावी मात्र करवंदाच्या जाळीवर सुंदर चढते. तिला गुलाबाच्या आळ्याजवळ आणू नका, कारण हिवाळ्यात तिचा कंद निद्रिस्त असतो आणि ओलीने सडतो. शिवाय तिचा प्रत्येक भाग, त्यातही कंद, अत्यंत विषारी आहे. लहान मुलं आणि गुरं पोचणार नाहीत अशीच जागा निवडा. नोव्हेंबरात कळलावी आणि रानहळद दोन्ही पिवळ्या पडून जमिनीत गडप होतील. त्याआधी प्रत्येकीशेजारी एक काठी रोवून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात खड्डे घेताना कुदळ कंदावर बसणार नाही.